पटाचा भला की आमदाराचा?

— ऊस विकास अधिकारी, सानगडी गट



एरवी या पानावर मी बेणे बदला, खोडव्याची पाचट जाळू नका, युरिया एकदम फेकू नका, हेच सांगत असतो. आज विषय थोडा वेगळा आहे. मात्र त्याला कारण आपल्याच गटसभेत घडले, म्हणून तो येथे मांडतो.

सभा संपली होती. तोडणीचा कार्यक्रम वाचून झाला, चहा आला आणि बोलणे नेहमीप्रमाणे उसावरून पटावर गेले. धान निघाले, बांध्या मोकळ्या झाल्या, की आपल्या भागात दुसरे काय बोलणार? दिवसा शंकरपट, रात्री नाटक, घरोघरी पाहुणे. कोणाची जोडी कुठे सुटली, धुरकरी कोण होता, याची चर्चा चालली असता एक वयस्क सभासद मला म्हणाले, "साहेब, पटावरचा मानूस आमदार झाला, त त्यात पटाचा भला होते का आमदाराचा?"

सगळे हसले, मीही हसलो. परंतु उत्तर मला देता आले नाही. घरी आल्यावर प्रश्न डोक्यातून जाईना. कारण हा प्रश्न नुसत्या पटाचा नाही. ज्या धंद्यात किंवा ज्या नादात माणूस वाढला, त्याच विषयाचे नियम करण्याच्या जागेवर तो जाऊन बसला, तर काय होते, असा तो प्रश्न आहे. आपला कारखाना सहकारी आहे. आपणही दर निवडणुकीत कोणाला तरी अशा जागेवर बसवीत असतो. म्हणून जे वाचले, समजून घेतले, ते क्रमाने सांगतो.

नाद वेगळा, धंदा वेगळा

प्रथम एक फरक ध्यानात घ्यावा. शर्यतीच्या मैदानावर दोन प्रकारची माणसे असतात. एक नादाची आणि दुसरी धंद्याची. आपला पटवाला शेतकरी नादाचा. जोडीला सरकी, उडीद, अंडी चारतो आणि इनामात मिळालेले पैसे वर्षाच्या खुराकालाही पुरत नाहीत. मोटारींच्या शर्यतीचे तसे नाही. तेथे मैदानाचा मालक असतो, तिकिटे असतात, गाड्यांवर कंपन्यांच्या जाहिराती असतात, टायर आणि तेल विकणारे असतात. तो पुरा धंदा आहे.

आपल्या देशात मोटारशर्यतीच्या धंद्यातून कायदेमंडळात बसलेल्या माणसाचे ठळक उदाहरण म्हणजे विजय मल्ल्या. ते २००२ साली आणि पुन्हा २०१० साली कर्नाटकातून राज्यसभेवर गेले. राज्यसभेचे सदस्य आमदारांच्या मतांनी निवडले जातात, हे आपणांस ठाऊक आहेच. दारूचा धंदा, विमान कंपनी आणि २००८ पासून फॉर्म्युला वन शर्यतीतला फोर्स इंडिया हा संघ, असा त्यांचा पसारा होता. विमान कंपनी २०१२ साली बंद पडली, बँकांची कर्जे थकली, मार्च २०१६ मध्ये ते देश सोडून गेले आणि मे २०१६ मध्ये त्यांनी सदस्यत्वाचा राजीनामा दिला. ही कथा सर्वांनी ऐकलेली आहे. परंतु एका उदाहरणावरून शर्यतीचा प्रत्येक माणूस तसाच, असे म्हणणे बरोबर होणार नाही. म्हणून दुसरे एक उदाहरण पाहू. ते दूरदेशीचे असले तरी आपल्या गावाकडच्या माणसाला जवळचे वाटेल असे आहे.

दगडखाणीच्या गावचा शर्यतवाला

अमेरिकेत व्हर्माँट नावाचे एक लहान राज्य आहे. लहान म्हणजे किती? २०११ च्या जनगणनेत आपल्या भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १२ लाख होती. व्हर्माँटची २०२० साली साडेसहा लाखांच्या आत होती. म्हणजे आपल्या जिल्ह्याच्या जवळजवळ निम्मे हे राज्य. तेथे बॅरे नावाचे गाव आहे. ग्रॅनाइट दगडाच्या खाणींबद्दल ते प्रसिद्ध आहे. या गावी १९६० साली थंडर रोड नावाचे मोटारशर्यतीचे मैदान सुरू झाले. एक फेरी साधारण ४०० मीटरची. शर्यती ठेवल्या गुरुवारी रात्री. कारण काय? तर खाणीतल्या कामगारांना पगार गुरुवारी मिळत असे. आपल्याकडे बाजाराचा वार पाहून मंडई आणि पट ठेवतात, तोच हिशोब.

या बॅरे गावात १९५८ साली फिल स्कॉट यांचा जन्म झाला. पुढे ते मातीकाम व खोदकाम करणाऱ्या ड्युबॉइस कन्स्ट्रक्शन या कंपनीचे निम्मे भागीदार झाले. सवड मिळाली की थंडर रोडवर गाडी पळवायची. या मैदानाचे वर्षभराचे विजेतेपद त्यांनी तीन वेळा मिळविले. म्हणजे धंदा बांधकामाचा आणि नाद शर्यतीचा.

२००० सालच्या निवडणुकीत ते राज्याच्या सीनेटवर निवडून आले. सीनेट म्हणजे तेथील वरिष्ठ सभागृह. आपल्याकडे विधान परिषद असते तसे, मात्र तेथे लोक थेट मतदान करून सदस्य निवडतात. सभागृहात सदस्य अवघे ३०. त्या राज्यातली आमदारकी पूर्णवेळ नसते. जानेवारीत अधिवेशन भरते, उन्हाळ्याच्या तोंडावर संपते आणि उरलेले वर्ष सदस्य आपापल्या शेतावर, दुकानात, कामावर जातात. त्यामुळे धंदा करणारा माणूस आमदार होणे ही तेथे नवलाची गोष्ट नाही. उलट लोक म्हणतात, स्वतः काम करतो त्यालाच काम कळते.

यात तथ्य आहे. मातीकाम करणाऱ्याला रस्ता का खचतो हे सांगावे लागत नाही. स्कॉट हे सीनेटमध्ये सरकारी इमारतींचा विषय पाहणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते आणि वाहतूक समितीचे उपाध्यक्ष. अनुभवाचा उपयोग तेथे झाला असणारच. परंतु याच ठिकाणी दुसरी बाजूही उभी राहते. ज्याची कंपनी बांधकामाची, त्यानेच सरकारी बांधकामाच्या खर्चावर बोलायचे? तो मनाने कितीही स्वच्छ असला तरी पाहणाऱ्याला शंका येणारच.

२०१० च्या निवडणुकीत ते लेफ्टनंट गव्हर्नर झाले आणि २०१६ च्या निवडणुकीत गव्हर्नर. तेथील गव्हर्नर म्हणजे आपले राज्यपाल नव्हेत. राज्यकारभार प्रत्यक्ष त्यांच्याच हाती असतो, म्हणजे कामाने ते आपल्या मुख्यमंत्र्यांसारखे. मुदत दोनच वर्षांची. त्यानंतर २०१८, २०२०, २०२२ आणि २०२४ अशा चारही निवडणुका त्यांनी जिंकल्या. गव्हर्नर असतानाही ते थंडर रोडवर उतरले आणि शर्यत जिंकलेही.

आता आपल्या कामाचा मुद्दा येतो. त्यांची कंपनी सरकारी कामे घेत असे. राज्याचा कारभारीच कंपनीचा अर्धा मालक राहिला तर कसे चालेल? म्हणून २०१७ साली कारभार हाती घेताना त्यांनी आपला निम्मा हिस्सा कंपनीलाच २५ लाख डॉलर्सना विकला. लोकांना वाटले, प्रश्न मिटला. पण मिटला नाही. कारण किंमत रोख मिळालेली नव्हती, ती कंपनीने त्यांना वर्षानुवर्षे हप्त्याने द्यावयाची होती. टीका करणारे म्हणाले, कंपनी चालली तरच हप्ते येणार, म्हणजे कंपनीचे बरे होण्यात यांचा स्वार्थ राहिलाच. राज्याच्या नीतिमत्ता आयोगाने २०१८ साली तसेच मत दिले आणि पुढील वर्षी ते मागेही घेतले.

स्कॉट दोषी की निर्दोष, हे ठरविण्यासाठी मी ही हकीकत सांगत नाही. ध्यानात घ्यावयाची गोष्ट एवढीच, की हिस्सा विकल्यावरही लोकांनी प्रश्न विचारला, जाहीर विचारला आणि त्याचे उत्तर द्यावे लागले. शर्यत खेळण्याला मात्र कोणाची हरकत नव्हती. हरकत होती ती पैशाच्या धाग्याला. नाद आणि धंदा यांतला फरक म्हणून मी आधी सांगितला.

आपल्याकडची शर्यत आणि कायदा

आता परत आपल्या मातीत येऊ. आपल्याकडची शर्यत म्हणजे बैलांची. विदर्भात शंकरपट, पुणे-नगरकडे बैलगाडा. तऱ्हा निराळ्या. आपल्याकडे हलक्या छकडीला एक जोडी आणि वर धुरकरी. तिकडे जुन्नर, खेड भागात घाटात चार बैल पळतात, गाड्यावर माणूस नसतो आणि पुढे घोडी धावते. कायद्याच्या दृष्टीने मात्र दोन्ही एकच, बैलगाडी शर्यत.

या शर्यतीचे काय झाले, ते सनावळीसह पाहू, कारण पारावर याविषयी अर्धवट माहिती फार ऐकू येते.

प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा केंद्राचा कायदा १९६० चा आहे. त्यातल्या अधिकाराने केंद्र सरकारने जुलै २०११ मध्ये अस्वल, माकड, वाघ, बिबट्या, सिंह यांच्या यादीत बैलाचेही नाव घातले. म्हणजे या प्राण्यांचे खेळ करता येणार नाहीत. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये महाराष्ट्र शासनाने शर्यती बंद केल्या. प्रकरण न्यायालयात गेले. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तामिळनाडूचा जल्लीकट्टू आणि महाराष्ट्रातल्या बैलगाडी शर्यती, दोन्हींवर बंदी कायम केली. जानेवारी २०१६ मध्ये केंद्राने सूट देणारी अधिसूचना काढली, तिला काही दिवसांतच स्थगिती मिळाली.

जानेवारी २०१७ मध्ये तामिळनाडूत मोठे आंदोलन झाले आणि त्या राज्याने केंद्राच्या कायद्यात आपल्यापुरती दुरुस्ती केली. त्यापाठोपाठ एप्रिल २०१७ मध्ये आपल्या विधानसभेने आणि विधान परिषदेने दुरुस्ती विधेयक मंजूर केले. केंद्राचा कायदा असता राज्याला तो बदलता कसा आला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे. प्राण्यांवरील क्रूरतेला प्रतिबंध हा विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत आहे, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही त्यावर कायदा करता येतो. दोन्ही कायदे एकमेकांविरुद्ध गेले तर केंद्राचा चालतो. परंतु राज्याच्या कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली, तर त्या राज्यापुरता राज्याचा चालतो. आपल्या दुरुस्तीला ती संमती मिळाली.

तरीही पट सुटले नाहीत. ऑगस्ट २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने परवानगी देण्यास मनाई केली आणि विषय पुन्हा दिल्लीला गेला. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नव्या नियमांच्या अधीन राहून शर्यती घेण्यास तात्पुरती मुभा दिली. शेवटी १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तामिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्र या तिन्ही राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरविल्या. नियमांची काटेकोर अंमलबजावणी झाली पाहिजे, हेही त्या निकालात सांगितले आहे. आपण निकालाचा पहिला भाग फटाके वाजवून ऐकला. दुसरा भाग किती जणांनी ऐकला?

मैदानातला माणूस सभागृहात

या दहा-बारा वर्षांत शर्यतीच्या मैदानावरची काही माणसे सभागृहात होती. त्यांतले एक भोसरीचे महेश लांडगे. मूळचे पैलवान, पुढे पिंपरी-चिंचवड महापालिकेत नगरसेवक, २०१४ साली अपक्ष म्हणून विधानसभेवर आणि नंतर २०१९ व २०२४ साली भारतीय जनता पक्षाकडून. शर्यतीवरील बंदी उठावी म्हणून पाठपुरावा करणाऱ्यांत त्यांचे नाव पुढे होते. मे २०२२ मध्ये त्यांच्या भागात मोठी बैलगाडा शर्यतही झाली.

दुसरे उदाहरण गोपीचंद पडळकर यांचे. ते २०२० पासून विधान परिषदेचे सदस्य होते, २०२४ साली जतमधून विधानसभेवर गेले. ऑगस्ट २०२१ मध्ये, बंदी असताना, सांगली जिल्ह्यातल्या झरे गावी त्यांनी शर्यतीचा कार्यक्रम ठेवला. पोलिसांनी मैदान व रस्ते अडविले, तरी शर्यत झाली आणि गुन्हे दाखल झाले. त्या शर्यतीने प्रश्नाकडे साऱ्या राज्याचे लक्ष गेले, असे त्यांचे चाहते म्हणतात. कायदे करणाऱ्यानेच कायदा मोडावा काय, असे इतर लोक म्हणतात.

आपले हे पत्रक कोणत्याही पक्षाचे नाही आणि मी कारखान्याचा नोकर. म्हणून कोण बरोबर, हे सांगत नाही. फक्त हिशोब मांडतो. मैदानातला माणूस सभागृहात असल्याचा फायदा झाला, हे खरे. बैल पळवणे म्हणजे काय, हे ज्याला ठाऊक नाही, त्याच्यापुढे आपली बाजू कोणी मांडली असती? पण पट पुन्हा सुरू झाला तो कशाने? आरोळीने नाही. विधेयक लिहिले गेले, दोन सभागृहांत मंजूर झाले, राष्ट्रपतींची संमती आली, नियम तयार झाले आणि न्यायालयाने ते नियम वाचून मुभा दिली. आमदार कितीही मोठा असो, त्याचे खरे अवजार कागद हेच आहे. आणि त्या कागदावर सवलतीच्या शेजारीच अटी लिहिलेल्या आहेत.

अटी कोणत्या? आधी लेखी परवानगी पाहिजे. आयोजकाने ५० हजार रुपये ठेव भरली पाहिजे. धाव १,००० मीटरपेक्षा लांब नको. बैलांची पशुवैद्यकाकडून तपासणी पाहिजे. काठी, चाबूक, तुतारी, विजेचा झटका, शेपूट पिरगाळणे, काही चालणार नाही. नियम मोडून बैलाला इजा केली तर पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. अर्ज करण्यापूर्वी मूळ नियम तहसील कचेरीत किंवा पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन एकदा पूर्ण वाचून घ्यावेत.

माझ्या हातातली तुतारी

येथे काही सभासद म्हणतील, "साहेबांना पटाचे काय कळते? पदविका करून नोकरीला लागलेला माणूस." म्हणून एक गोष्ट सांगतो. ती मी आजवर कोणत्याही सभेत सांगितलेली नाही.

मी नववीत होतो. बाबांनी एक जोडी पटासाठी तयार केली होती. त्यातला उजवा बैल पांढरा, शिंगे लहान, धावायला चपळ. धुरकरी बाहेरगावचा आणला होता. जोडी सुटायच्या जागी मागे उभे राहायचे आणि झेंडी पडली की टोचायचे, एवढे काम माझ्याकडे होते. तुतारीला खिळा होता. तो मीच दगडावर घासून धार लावलेला. झेंडी पडली आणि मी सर्व जोर लावून टोचले. बैल असा उसळला, की जोडी दाणीत सरळ गेलीच नाही. अर्ध्या वाटेत बाजूच्या बांधावर चढली आणि छकडी उलटली. धुरकरी वाचला. पांढऱ्याचा मागचा पाय मोडला.

त्या दिवशी तेथे जनावरांचा डॉक्टर नव्हता. असावा, असे कोणाला वाटतही नव्हते. रात्री गावात नाटक झाले. आम्ही गेलो नाही. पांढरा दोन महिने गोठ्यात पडून होता आणि मग गेला. एका बैलावर नांगर चालत नाही. त्या साली बाबांनी भाड्याची जोडी आणून रोवणी केली, उशिरा केली आणि धान अर्धे झाले. बाबा मला एक शब्द बोलले नाहीत. ती तुतारी मात्र त्यांनी आटवाच्या खाली कोठेतरी टाकून दिली, ती पुन्हा दिसली नाही.

त्यामुळे पटाच्या विरुद्ध बोलणाऱ्यांना आपल्याकडे शत्रू समजतात, तेव्हा मला गप्प बसावे लागते. ते लोक शहरातले असतील, त्यांना नांगर धरता येत नसेल. पण ते ज्या खिळ्याविषयी बोलत होते, तो खिळा माझ्या हातात होता. आणि पट बंद झाला तेव्हा वाईटही मलाच वाटले, कारण पटामुळेच आमच्या घरी गोठा भरलेला असे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

आपल्या उसाशी संबंध

आता हे सारे उसाच्या पत्रकात कशाला? दोन कारणांसाठी.

पहिले कारण बैलाचे. गळीत हंगाम आणि पटाचा हंगाम एकाच वेळी येतात. ज्यांची जोडी आठवडाभर टायरगाडीला ऊस ओढते, त्यांतले काही जण तीच जोडी सुटीच्या दिवशी दाणीवर नेतात. खांद्याला सूज, खुराला भेग, पोटात वाळली वैरण, अशा बैलाला पळविणे म्हणजे अपघाताला बोलावणे. माझी विनंती आहे, की जी जोडी उसाला, ती पटाला नको. आणि उसाच्या जोडीलाही तुतारीचा खिळा नको. गाडीत माल बेताचा भरा, उतारावर ओढण लावा, वजनकाट्यावर रांगेत थांबताना जू खाली ठेवा आणि बैलांना पाणी दाखवा. पटाच्या दिवशी डॉक्टर बैल पाहणार, म्हणून त्या दिवसापुरती काळजी घेणे ही काळजी नव्हे.

दुसरे कारण आपल्या सहकाराचे. गटसभेत विचारलेला प्रश्न आपल्यालाही लागू आहे. ज्याचे स्वतःचे ट्रॅक्टर आहेत, त्याला वाहतुकीच्या अडचणी सर्वांत जास्त कळतात. तो संचालक झाला तर चांगलेच. पण वाहतुकीचा दर ठरविताना तो त्या खोलीत बसला, तर तो दर कोणाचा? ज्याचा ऊस मोठा, त्याला तोडणीचे दुःख ठाऊक. पण तोडणीचा क्रम त्याच्या फडापासून सुरू झाला, तर लहान सभासदाने काय समजावे? संस्थेशी कंत्राटाचा संबंध असणाऱ्याला तिच्या कमिटीवर राहता येऊ नये, अशी तरतूद सहकाराच्या नियमांत याचसाठी आहे. कोणाकडे बोट दाखवून हे लिहीत नाही. व्हर्माँटमध्ये शर्यतवाल्या गव्हर्नराला त्याच्या लोकांनी जे विचारले, ते आपणही आपल्या माणसाला विचारावे, एवढेच. विचारणे म्हणजे वैर नव्हे. वार्षिक सभेत विषयपत्रिका हातात घेऊन उभे राहावे, विचारावे आणि उत्तर मिळाले की बसावे.

यात माझाही क्रमांक लागतो. माझ्या घरचा ऊस याच गटात आहे. म्हणून या हंगामापासून आमच्या फडाची तोडणीची चिठ्ठी मी स्वतः काढणार नाही. ती शेजारच्या गटाचे अधिकारी नोंदीच्या क्रमाने काढतील, तशी लेखी विनंती मी शेतकी खात्याकडे केली आहे. नोंदवही सानगडीच्या गट कार्यालयात ठेवलेली असते, ती कोणाही सभासदाने येऊन पाहावी.

तर मग उत्तर काय?

ज्या सभासदांनी प्रश्न विचारला, त्यांना माझे उत्तर असे आहे. काका, पटावरचा माणूस आमदार झाला, तर आपली गोष्ट सभागृहात पोचते, हा पटाचा भला. त्याचा स्वतःचा पैसा त्यात अडकलेला असेल, तर भला कोणाचा होईल हे सांगता येत नाही, म्हणून विचारत राहावे. आणि तो नियम करून मोकळा झाला, की पुढचे काम त्याचे नाही, ते दाणीवर उभ्या असलेल्या माणसाचे. कायदा मुंबईत होतो, दिल्लीत टिकतो, पण मोडतो तो आपल्या बांधीत. पुन्हा एखाद्या गावी खिळा निघाला, बैल पडला आणि त्याचे चित्र न्यायालयात गेले, तर कोणताही आमदार पट वाचवू शकणार नाही.

ज्या गावांना यंदा पट ठेवावयाचा आहे, त्यांनी धान काढणी सुरू असतानाच अर्जाची तयारी करावी, शेवटच्या आठवड्याची वाट पाहू नये. अर्ज लिहिण्यास अडचण आली तर गट कार्यालयात यावे. मी बुधवारी दिवसभर तेथे असतो. नियमांची प्रत आणून ठेवतो, सोबत बसून वाचू.

आणि पुढील अंकात खोडव्यातील पाचटीचा विषय नेहमीप्रमाणे येईल, त्यातून कोणाची सुटका नाही.

आपला,
ऊस विकास अधिकारी
सानगडी गट